मेमरी कार्ड व पेन ड्राइव्ह यांच्या दोषपरीक्षणाचा इतिहास : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :

साधनाची विश्वसनीयता तपासल्याशिवाय त्यावर निष्कर्ष उभारू नये, हा इतिहासलेखनशास्त्राचा मूलभूत दंडक होय. कागद कोणत्या काळातील, हस्ताक्षर कोणाचे, शिक्का अस्सल की बनावट, याची छाननी बहिरंग परीक्षणात केली जाते. मजकुरात सांगितलेले कितपत ग्राह्य, याचा विचार अंतरंग परीक्षणात होतो. दफ्तरखान्यातील मोडी कागदांबाबत हा दंडक काटेकोरपणे पाळणारा अभ्यासक त्याच कागदांची छायाचित्रे ज्या मेमरी कार्डावर साठवितो, त्या कार्डाचे परीक्षण मात्र सहसा करीत नाही. शोधप्रबंधाची मुद्रणप्रत, सर्वेक्षणाची प्रश्नावली, विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण अशी कितीतरी सामग्री बोटभर लांबीच्या पेन ड्राइव्हवर निर्धास्तपणे सोपविली जाते. कसर लागलेला कागद आपली अवस्था डोळ्यांना दाखवितो. मेमरी कार्ड बिघडत असता बाहेरून तसे काहीही दिसत नाही.

या साधनांचे दोष शोधण्याच्या पद्धती कशा विकसित झाल्या, हा विषय वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. तथापि त्याच्या इतिहासावर दृष्टिक्षेप टाकला असता असे दिसून येते, की ज्या तंत्राने स्मृतीतील दोष झाकून ती उपयुक्त केली, त्याच तंत्राने फसवणुकीसही वाव दिला. परिणामी परीक्षणाचा मूळ प्रश्नच बदलला. ‘पेशी सदोष आहे काय?’ या प्रश्नाच्या जोडीस ‘साधन स्वतःविषयी सांगते ते खरे आहे काय?’ हा प्रश्न आला. या स्थित्यंतराचा मागोवा घेणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे :

१) स्मृतिसाधनांच्या दोषपरीक्षणाच्या विकासातील प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) फ्लॅश स्मृतीचे अंगभूत दोष व ते झाकणारी यंत्रणा यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) बनावट साठवणक्षमतेच्या समस्येतून निर्माण झालेल्या परीक्षणपद्धतींचे मूल्यमापन करणे.

दोष गृहीत धरणारी विचारपरंपरा :

यंत्र निर्दोष असावे या अपेक्षेकडून, यंत्र चुकणारच हे मान्य करून त्याची चूक सुधारण्याकडे झालेला प्रवास विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्यरत असलेले रिचर्ड हॅमिंग हे रिलेवर चालणाऱ्या गणकयंत्राचा वापर करीत. सुटीच्या दिवशी यंत्राजवळ कोणी नसताना चूक आढळली, की यंत्र ते काम सोडून देई. यंत्रास चूक ओळखता येते, तर ती सुधारता का येऊ नये, या विचारातून त्यांनी १९५० मध्ये त्रुटिशोधक व त्रुटिसुधारक संकेतांची मांडणी प्रसिद्ध केली. मूळ माहितीसोबत काही जादा तपासणी बिट ठेवल्यास चूक कोणत्या जागी झाली हेही कळू शकते, हे त्या मांडणीचे सूत्र होय.

हॅमिंग यांचा संकेत एका गटातील एकच चूक सुधारू शकत असे. एकापेक्षा अधिक चुका सुधारणारे संकेत १९५९ मध्ये फ्रान्समधील ए. ऑकेंगेम यांनी, तर १९६० मध्ये राजचंद्र बोस व डी. के. राय-चौधरी यांनी स्वतंत्रपणे मांडले. या तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यांस ‘बीसीएच संकेत’ असे नाव मिळाले. राजचंद्र बोस यांची जडणघडण कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत झाली व १९४९ नंतर ते अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात अध्यापन करीत होते. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झालेले शरदचंद्र शंकर श्रीखंडे हे त्यांचे शिष्य. बोस, श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी १९५९ मध्ये लॅटिन चौरसांविषयीचे ऑयलरचे अनुमान असत्य ठरविले, ही घटना गणिताच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. सांत क्षेत्रे व संयोजनशास्त्र यांच्या ज्या अभ्यासातून हे कार्य घडले, त्याच परंपरेतील बीसीएच संकेत पुढे फ्लॅश स्मृतीच्या नियंत्रकांत मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. शुद्ध गणिताचे उपयोजन किती अनपेक्षित ठिकाणी होऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

अर्धवाहक स्मृतीची चाचणी :

१९७० च्या दशकात गणकयंत्रांत अर्धवाहक स्मृतीचा प्रसार झाला आणि कारखान्यात तयार होणारी प्रत्येक चकती तपासावी कशी, हा प्रश्न उभा राहिला. एखादी पेशी कायम शून्यावर वा कायम एकवर अडकून राहणे, हा सर्वांत साधा दोष. एका पेशीत लिहिले असता शेजारच्या पेशीतील नोंद बदलणे, हा अधिक गुंतागुंतीचा दोष. तिसरा प्रकार पत्त्याचा असतो. यात दोन वेगवेगळे क्रमांक एकाच पेशीकडे नेतात.

प्रत्येक पेशीचा इतर प्रत्येक पेशीवर होणारा परिणाम तपासावयाचा, तर कामाचा व्याप पेशींच्या संख्येच्या वर्गाइतका वाढतो. एक मेगाबिट स्मृतीत १०,४८,५७६ पेशी असतात. प्रत्येक क्रियेस १०० नॅनोसेकंद लागतात असे धरल्यास अशा वर्गप्रमाणी चाचणीस सुमारे ३० तास लागतील. याउलट प्रत्येक पेशीवर केवळ दहा क्रिया करणारी चाचणी एका सेकंदाहून किंचित अधिक वेळात पूर्ण होते. रेषीय प्रमाणात वेळ घेणाऱ्या कार्यक्षम चाचण्यांचा शास्त्रीय पाया घालणाऱ्या प्रारंभीच्या संशोधनात नायर, थत्ते व अब्राहम यांच्या १९७८ मधील निबंधाचा समावेश होतो. या वर्गातील चाचण्यांस पुढे ‘मार्च चाचणी’ ही संज्ञा रूढ झाली. पहिल्या पेशीपासून शेवटच्या पेशीपर्यंत व पुन्हा उलट दिशेने, प्रत्येक पेशी वाचीत आणि लिहीत पुढे सरकावयाचे, असे तिचे स्वरूप असते. कवायतीतील तुकडीच्या चालीशी असलेल्या साम्यावरून हे नाव सार्थ वाटते.

फ्लॅश स्मृती व तिचे अंगभूत दोष :

१९६७ मध्ये बेल प्रयोगशाळेतील डॉवन कांग व सायमन झी यांनी ‘फ्लोटिंग गेट’ या रचनेची कल्पना मांडली. विद्युतरोधक थराने चहूबाजूंनी वेढलेल्या गेटवर विद्युतभार अडकवून ठेवला, तर वीजपुरवठा बंद झाल्यावरही नोंद टिकून राहते, हे तिचे तत्त्व. १९७१ मध्ये इंटेलमधील डॉव्ह फ्रोमन यांनी या तत्त्वावर आधारित, अतिनील किरणांनी पुसता येणारी स्मृती तयार केली. जपानमधील तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी विद्युतदाबाने एकाच वेळी मोठा भाग पुसता येणारी रचना १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत सादर केली. पुसण्याची ही क्रिया छायाचित्रणातील प्रकाशझोताची आठवण करून देते, या सहकाऱ्याच्या सूचनेवरून तिला ‘फ्लॅश’ हे नाव मिळाले. १९८७ मध्ये मासुओका व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नँड’ रचनेची फ्लॅश स्मृती मांडली. आजची मेमरी कार्डे व पेन ड्राइव्ह प्रामुख्याने याच रचनेवर आधारलेली आहेत.

नँड रचना स्वस्त व दाट असली, तरी निर्दोष नाही. नोंद ‘पेज’ या लहान एककात लिहिली जाते; पुसली जाते ती मात्र अनेक पेजांच्या ‘ब्लॉक’मध्ये. लिहिण्या-पुसण्याच्या प्रत्येक आवर्तनात विद्युतरोधक थर किंचित झिजतो. एका पेशीत एकच बिट साठविणाऱ्या स्मृतीसाठी उत्पादक सुमारे एक लाख आवर्तनांची मर्यादा सांगत असत. एका पेशीत दोन, तीन बिट साठविण्याचे तंत्र आले तशी ही मर्यादा काही हजारांवर आणि त्याहूनही खाली आली. वापर नसतानाही साठलेला भार हळूहळू गळतो. तसेच एकच भाग वारंवार वाचल्याने शेजारच्या पेशींवर परिणाम होतो.

विशेष म्हणजे नवी चकतीदेखील काही सदोष ब्लॉकांसह विकली जाते व उत्पादक ते लपवीत नाहीत. १,०२४ ब्लॉकांच्या चकतीत किमान १,००४ ब्लॉक योग्य असतील, अशा स्वरूपाची हमी तांत्रिक माहितीपत्रकांत आढळते. सदोष ब्लॉकांवर कारखान्यातच खूण केलेली असते, आणि ५१२ बाइटच्या प्रत्येक पेजासोबत १६ बाइटची राखीव जागा तपासणी बिटांसारख्या नोंदींसाठी दिलेली असते. दोष हा येथे अपघात नसून व्यवहाराची मान्य अट आहे. प्रत्येक चकती निर्दोषच हवी असा आग्रह धरला असता, तर ही स्मृती सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येणे कठीण होते.

नियंत्रकाचा पडदा :

सदोष चकतीतून भरवशाचे साधन घडविण्याचे काम नियंत्रक नावाचा छोटा संगणक करतो. तो सदोष ब्लॉक वगळतो, झीज सर्वत्र सारखी वाटली जावी म्हणून नोंदींच्या जागा बदलत राहतो आणि त्रुटिसुधारक संकेतांच्या आधारे चुकलेले बिट दुरुस्त करतो. इस्रायली अभियंता अमीर बान यांना अशा जागाबदलाच्या पद्धतीसाठी १९९५ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले. बाहेरच्या संगणकास मात्र यातील काहीच दिसत नाही. त्यास क्रमाने मांडलेल्या, सारख्या आकाराच्या कप्प्यांची एक अखंड रांग दिसते.

सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेल्या कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डात असा नियंत्रक कार्डातच बसविलेला होता. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता व तोशिबा यांनी एसडी कार्डाची घोषणा केली. २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेक कंपनीचा ‘थम्बड्राइव्ह’ आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सचा ‘डिस्कऑनकी’ बाजारात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस आयबीएमने विकण्यास घेतलेल्या डिस्कऑनकीची क्षमता होती ८ मेगाबाइट.

फ्लॉपीच्या काळाशी तुलना केल्यास या बदलाचे महत्त्व ध्यानात येते. फ्लॉपी फॉरमॅट करताना सदोष भाग सापडल्यास संगणक तशी नोंद फाइलींच्या कोष्टकात करीत असे आणि किती जागा निकामी झाली हे पडद्यावर सांगत असे. मेमरी कार्डात ही नोंदवही नियंत्रकाच्या ताब्यात गेली. एकूण कप्पे किती, या संगणकाच्या प्रश्नाचे उत्तरही नियंत्रकच देतो. साठवणक्षमता ही मोजलेली बाब न राहता साधनाने स्वतःविषयी केलेले निवेदन ठरली. फॉरमॅटच्या आज्ञेने या निवेदनाची शहानिशा होत नाही. ‘क्विक फॉरमॅट’ केवळ कोष्टक नव्याने लिहितो. विंडोजमधील पूर्ण फॉरमॅटदेखील २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा येईपर्यंत सर्व जागेवर लिहीत नसे. ती जागा केवळ वाचून पाहत असे.

स्पिरिट यानाचा अनुभव (२००४) :

नियंत्रक व व्यवस्थापन यांचा हा थर दोषाचे निदान किती अवघड करतो, हे पृथ्वीपासून दूर घडलेल्या एका घटनेतून स्पष्ट होते. नासाचे स्पिरिट हे यान जानेवारी २००४ च्या प्रारंभी मंगळावर उतरले. २१ जानेवारी रोजी त्याच्याशी असलेला नियमित संपर्क तुटला. यानावरील संगणक वारंवार बंद होऊन पुन्हा सुरू होत होता. यानात २५६ मेगाबाइट फ्लॅश स्मृती होती. अभियंत्यांनी फ्लॅश स्मृती न वापरता संगणक सुरू करण्याची आज्ञा पाठविली आणि यान स्थिर झाले. येथवरचा पुरावा फ्लॅश स्मृती खराब झाल्याकडे बोट दाखवीत होता. प्रत्यक्षात चकती शाबूत होती. प्रवासात व उतरल्यानंतर साठलेल्या फाइलींची संख्या इतकी वाढली होती, की त्यांची यादी सांभाळण्यास कार्यकारी स्मृती अपुरी पडत होती. अनावश्यक फाइली काढून फेब्रुवारीत फ्लॅश स्मृती नव्याने फॉरमॅट करण्यात आली आणि यानाने पुढे २०१० पर्यंत काम केले.

लक्षण एका थरात दिसते आणि कारण दुसऱ्या थरात असते, हा या घटनेचा बोध आहे. कार्ड वाचले जात नाही एवढ्यावरून चकती निकामी झाली असे म्हणता येत नाही. दोष फाइलींच्या रचनेत, जोडणीच्या खाचेत वा कार्ड-वाचकातही असू शकतो. दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या वाचकात तेच साधन तपासून पाहणे ही परीक्षणाची पहिली पायरी यासाठीच ठरते.

बनावट साठवणक्षमता व नवी परीक्षणपद्धती :

प्रत्येक चकतीतील सदोष ब्लॉक वेगळे असल्यामुळे उपलब्ध क्षमता किती ते उत्पादनाच्या वेळी नियंत्रकाच्या फर्मवेअरमध्ये भरावे लागते. ही सोय अपरिहार्य होती. परंतु तिच्यामुळे खोटा आकडा भरणेही सोपे झाले. २ गीगाबाइटच्या चकतीवर ३२ गीगाबाइटचा दावा करणारी साधने बाजारात येऊ लागली. अशा साधनात पहिले २ गीगाबाइट बिनबोभाट साठतात. त्यापुढील नोंदी एकतर हरवतात, किंवा पुन्हा पहिल्या जागांवर जाऊन जुन्या नोंदी पुसतात. फाइलींची नावे यादीत दिसत राहतात, मात्र उघडावयास गेले असता आतील मजकूर नाहीसा झालेला असतो. ग्राहकास फसवणूक कळते ती माहिती गेल्यानंतरच.

जुन्या चाचण्या येथे अपुऱ्या पडल्या. लिनक्समधील ‘बॅडब्लॉक्स’ ही आज्ञा विध्वंसक पद्धतीने चालविल्यास एकाआड एक बिट, त्याचे उलट रूप, सर्व एक व सर्व शून्य असे चार नमुने क्रमाने लिहून वाचते. अडकलेली पेशी शोधण्यास ही पद्धत उत्तम आहे. परंतु सर्व जागी एकच नमुना लिहिला, तर विसावा गीगाबाइट म्हणून पहिलाच गीगाबाइट वाचला जात असला तरी उत्तर बरोबर येते. शिवाय अनेक नियंत्रक आलेली माहिती मिसळून लिहीत असल्याने बाहेरून निवडलेला नमुना पेशींपर्यंत जसाच्या तसा पोहोचत नाही.

‘त्से-टे’ या जर्मन संगणकविषयक नियतकालिकातील हाराल्ड ब्योगेहोल्ट्स यांच्या ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या प्रणालीने ही उणीव भरून काढली. २००८ मध्ये तिची १.४ ही आवृत्ती आली. मोकळी जागा पूर्ण भरेपर्यंत प्रत्येक स्थानी वेगळी माहिती लिहावयाची आणि सर्व लिहून झाल्यावरच आरंभापासून वाचून ताडून पाहावयाचे, अशी तिची रीत आहे. माहिती स्थानानुसार वेगळी असल्याने एका जागेऐवजी दुसरी जागा वाचली गेल्यास ते उघड होते. वाचन शेवटी होत असल्याने नव्या नोंदीने जुनी पुसली असल्यास तेही कळते. याच तत्त्वावरील ‘एफ३’ ही मुक्त प्रणाली मिशेल माशादो यांनी तयार केली. पत्त्याचा दोष हा मार्च चाचणीच्या काळातील जुना प्रकार येथे फसवणुकीच्या रूपाने परत आला आणि त्यावरील उपायही मूलतः जुनाच ठरला, हे लक्षणीय आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्ग येथील परिषदेत अँड्र्यू ह्वांग व शॉन क्रॉस यांनी काही एसडी कार्डांतील नियंत्रकाचे फर्मवेअर बाहेरून बदलता येते, हे प्रात्यक्षिकासह दाखविले. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल व याकोब लेल यांनी यूएसबी साधनांबाबत तशाच स्वरूपाचे निष्कर्ष मांडले. पेन ड्राइव्ह स्वतःची ओळख कळफलक म्हणूनही करून देऊ शकतो, हे त्यांतून स्पष्ट झाले. साधनाचे निवेदन हा पुरावा नव्हे, ही गोष्ट या दोन्ही प्रसंगी सिद्ध झाली.

परीक्षणाच्या मर्यादा :

पूर्ण परीक्षणास वेळ लागतो. ६४ गीगाबाइटचे कार्ड सेकंदास १० मेगाबाइट गतीने लिहिले व २० मेगाबाइट गतीने वाचले, तर सुमारे दोन तास चाळीस मिनिटे लागतील. एकेका परीक्षणाने होणारी झीज नगण्य असते. वारंवार परीक्षण मात्र आयुष्य कमी करते. बनावट कार्डावर आधीपासून माहिती असल्यास परीक्षणाच्या नोंदी तीच पुसू शकतात. म्हणून परीक्षण करावयाचे ते खरेदीनंतर लगेच व रिकाम्या कार्डावर.

याहून महत्त्वाची मर्यादा काळाची आहे. परीक्षण हे त्या दिवसापुरते प्रमाणपत्र असते. त्रुटिसुधारक संकेत वाढत्या चुका सुधारीत राहतात, त्यामुळे ऱ्हास वापरकर्त्यापासून लपून राहतो. सुधारणेची मर्यादा ओलांडली गेली, की साधन एकाएकी निकामी झाल्यासारखे भासते. सामान्य पेन ड्राइव्ह आपल्या झिजेची माहितीही देत नाही. अशा स्थितीत फाइलींचे ‘एसएचए-२५६’सारखे संक्षिप्त अंक काढून ठेवणे आणि ठरावीक काळाने ताडून पाहणे हा साधनाऐवजी मजकुराचे परीक्षण करण्याचा मार्ग उरतो. इतिहासाच्या परिभाषेत पूर्ण लेखन-वाचनाची चाचणी ही साधनाचे बहिरंग परीक्षण होय. संक्षिप्त अंकांची पडताळणी ही नक्कल मुळाबरहुकूम आहे की नाही हे पाहणारी पाठचिकित्सा होय. मूळ मजकूर खरा की खोटा, हे ठरविण्याचे काम मात्र अभ्यासकाकडेच राहते.

निष्कर्ष :

१) स्मृतिसाधनांचा विकास निर्दोषतेच्या शोधातून नव्हे, तर दोष मान्य करून तो सुधारण्याच्या गणिती परंपरेतून झाला. या परंपरेत भारतीय गणितज्ञांचा वाटा मोलाचा आहे.
२) नियंत्रकाने दोष झाकल्यामुळे फ्लॅश स्मृती स्वस्त व सर्वसुलभ झाली. त्याच पडद्याआड बनावट क्षमतेस आश्रय मिळाला.
३) साधन स्वतःविषयी सांगते त्यावर न विसंबता, संपूर्ण जागा वेगवेगळ्या माहितीने भरून ती परत वाचणे हीच सामान्य वापरकर्त्याच्या हाती असलेली भरवशाची चाचणी आहे.
४) कोणतेही परीक्षण भविष्याची हमी देत नाही. परीक्षण आणि स्वतंत्र ठिकाणी ठेवलेली दुसरी प्रत या दोन्ही गोष्टी परस्परपूरक आहेत. एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

महाविद्यालयीन संशोधनात क्षेत्रभेटीच्या मुलाखती, दुर्मीळ कागदांची छायाचित्रे व मौखिक परंपरांचे ध्वनिमुद्रण यांचे प्रमाण वाढत आहे. यांतील अनेक साधने पुन्हा मिळविता येण्याजोगी नसतात. मुलाखत दिलेली वृद्ध व्यक्ती पुढील वर्षी भेटेलच असे नाही. क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी नव्या कार्डाच्या तपासणीसाठी काही तास राखून ठेवणे, हा संशोधनपद्धतीचाच एक भाग मानला जाणे आवश्यक आहे.